डोरेमॉनचा खिसा आणि पानिपत

आमच्या हाउसमध्ये दहावीतल्या मुलाने ‘मला डोरेमॉनचे सिनेमे आवडतात’ असे मोठ्याने म्हणणे सोपे नाही. सहावी-सातवीत चालून जाते. आठवीत मुले आवाज कमी करतात. नववीनंतर डोरेमॉन हे धाकट्या भावंडांचे खूळ असते आणि आपण सुट्टीत ‘ते लावून बसले होते म्हणून’ शेजारी बसलेलो असतो. असे शेजारी बसून अख्खा सिनेमा बघणारे आपल्यात किती आहेत, हे मला चांगले ठाऊक आहे. हा लेख त्यांच्या वतीने लिहीत आहे.

माझे म्हणणे असे की डोरेमॉनचे मोठे सिनेमे, त्यातही ‘लिटल स्टार वॉर्स’, सैनिकी शाळेतल्या मुलांनी मन लावून बघावेत, आणि बघून झाल्यावर पानिपताचा नकाशा उघडावा. दोन्हीकडे प्रश्न एकच आहे. खिसा रिकामा झाला की काय?

आधी आक्षेप मांडतो, म्हणजे सरांना आणि पालकांना वाटायला नको की आपले ऐकलेच नाही. नोबिता अभ्यास करत नाही. सकाळी उठत नाही. जियानने मारले की रडत घरी येतो आणि डोरेमॉनपुढे हात पसरतो. डोरेमॉन पोटावरच्या खिशातून एखादे यंत्र काढून देतो. डोक्यावर बांबू कॉप्टर लावला की उडता येते, एनीवेअर डोअर उघडले की हवे तिथे पोचता येते. हे रोज बघणाऱ्या मुलाला वाटणार की अडचण आली की कुणीतरी खिशात हात घालणार. पी.टी.ला उशीर झाला तर आम्हाला एनीवेअर डोअर मिळत नाही, मैदानाच्या फेऱ्या मिळतात. तेव्हा आक्षेप अगदीच चुकीचा नाही. तो फक्त आपल्या घरातलाही नाही. २०१३ साली बांगलादेश सरकारने हिंदीतला डोरेमॉन दाखवण्यावर बंदी घातली, कारण तिथली मुले हिंदी बोलायला लागली होती. २०१६ साली पाकिस्तानच्या पंजाब प्रांताच्या विधानसभेत डोरेमॉन बंद करा असा ठराव आला. कान नसलेल्या एका निळ्या मांजराने एवढी सरकारे कामाला लावली, हे कौतुकच म्हणायचे.

पण हा आक्षेप टीव्हीवरच्या छोट्या भागांवर आहे. सिनेमे वेगळे आहेत, आणि हा फरक मोठ्या माणसांच्या सहसा लक्षात येत नाही, कारण ती मधूनच खोलीत येतात आणि ‘पुन्हा तेच का?’ म्हणून निघून जातात.

डोरेमॉनचे जनक हिरोशी फुजिमोतो, म्हणजे फुजिको एफ. फुजिओ. त्यांची ही चित्रकथा जपानी मुलांच्या मासिकांत १९६९ च्या अखेरीस सुरू झाली. पहिला मोठा सिनेमा मार्च १९८० मध्ये आला. तेव्हापासून जवळजवळ दर वर्षी वसंतात, जपानी शाळांचे वर्ष संपते त्या सुमाराला, एक नवा सिनेमा येतो. २००५ मध्ये आला नाही आणि २०२१ चा कोरोनामुळे पुढे गेला. एरवी खंड नाही. जे आईबाप लहानपणी पहिला सिनेमा बघायला गेले, ते आज नातवंडांना घेऊन जातात. १९९६ साली वारेपर्यंत फुजिमोतो जवळपास प्रत्येक सिनेमासाठी मोठी कथा स्वतः रचत होते.

छोट्या भागात खिसा चालतो आणि नोबिता त्याचा गैरवापर करून फसतो. सिनेमात उलटे होते. मुले घरापासून फार दूर जातात आणि तिथे खिसा अपुरा पडतो. पहिल्याच सिनेमात, ‘नोबिताचा डायनासोर’मध्ये, टाइम मशीन बिघडते आणि पाच जण कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जगात अडकतात. परतायचे तर लांबचा प्रवास स्वतः करायचा आहे, आणि बांबू कॉप्टरची बॅटरी संपू नये म्हणून ते थांबत थांबत वापरावे लागतात. घरी जे खेळणे होते त्याचा इथे हिशेब ठेवावा लागतो. १९८६ च्या सिनेमात यंत्रमानवांची अख्खी फौज पृथ्वीवर चालून येते. मुले पाच, समोर फौज. तेव्हा ती शत्रूला आरशातल्या निर्मनुष्य जगात ओढून नेतात आणि तिथे लढतात. माणसे कमी असतील तर जमीन आपल्या सोयीची निवडावी, हे मी वर्गात शिकण्याआधी तिथे पाहिले होते.

‘लिटल स्टार वॉर्स’ पहिल्यांदा मार्च १९८५ मध्ये आला आणि नव्याने बनवून मार्च २०२२ मध्ये. पिरिका नावाच्या एका चिमुकल्या ग्रहावर सेनापती गिल्मोर सत्ता बळकावतो. तिथला अध्यक्ष पापी हा वयाने लहान मुलगाच; तो पळून पृथ्वीवर येतो. उंची आपल्या बोटाएवढी. त्याच्याशी खेळता यावे म्हणून नोबिता आणि मित्रमंडळी ‘स्मॉल लाइट’च्या झोतात स्वतःला त्याच्याएवढी करून घेतात. मग शत्रू येतो आणि नेमका तो दिवाच पळवतो. आता मुले लहानच राहिली. बागेतले गवत त्यांना जंगल आहे आणि मांजर वाघ आहे. शिझुका शत्रूच्या हाती सापडते, आणि तिला सोडवण्यासाठी पापी स्वतःला शत्रूच्या हवाली करतो. आपल्या माणसाच्या बदल्यात पुढारी स्वतः जातो, हे दृश्य तर कुठल्याही सैनिकी शाळेत दाखवावे असे आहे.

पण माझा आवडता प्रसंग सुनिओचा आहे. सुनिओ म्हणजे श्रीमंत घरचा, बढाईखोर, जियानच्या मागे मागे राहणारा. ज्या रणगाड्यांतून ही मुले लढायला निघतात ते त्यानेच जोडलेले प्लास्टिकचे मॉडेल असतात. यंत्राची माहिती त्याच्याइतकी कुणालाच नाही. आणि नेमका तोच सर्वांत जास्त घाबरतो. शत्रूची जहाजे चालून येतात तेव्हा तो लपून बसतो. शिझुका एकटी रणगाड्यात बसते. भीती तिलाही वाटते आहे, तसे ती बोलूनही दाखवते, पण काही न करता हरणे तिला पटत नाही. ती निघते. मग थोड्या वेळाने सुनिओ निघतो.

या प्रसंगात कुणी सुनिओला भित्रा म्हणून हिणवत नाही. त्याच्यासाठी कुणी भाषण करत नाही. त्याची भीती गेली असेही सिनेमा सांगत नाही. तो घाबरलेलाच असतो आणि तसाच जाऊन आपल्या जागेवर बसतो. आमच्याकडे उंच तक्त्यावरून पाण्यात पहिली उडी मारायची असते, त्या दिवशी रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या पोटात काय होते ते सगळ्यांना माहीत असते, आणि तरी प्रत्येक जण इकडेतिकडे बघत हसत असतो. त्या रांगेत मला कुठल्याही युद्धपटातल्या नायकापेक्षा सुनिओ जास्त उपयोगी पडला आहे.

नवा ‘लिटल स्टार वॉर्स’ जपानमध्ये ४ मार्च २०२२ ला लागला. त्याच्या आठच दिवस आधी, २४ फेब्रुवारीला, रशियाचे रणगाडे युक्रेनमध्ये शिरले होते. सिनेमा तर २०२१ मध्येच यायचा होता. म्हणजे कुणी ठरवून काही केले नव्हते; पण मोठ्या फौजेपुढे उभा राहिलेला छोटा देश बघून थिएटरमधून बाहेर पडलेल्या मुलांना घरी बातम्यांत काय दिसले असेल, याचा विचार करावा.

आता पानिपताकडे येतो. उडी मोठी वाटेल, पण माझ्यासाठी ती घरातलीच आहे. माझे वडील गलाईच्या व्यवसायात आहेत. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी भागातली सोने-चांदी गाळणारी माणसे देशभर पसरली आहेत, त्यांतले आमचे एक घर पानिपतात आहे. मी इकडे वसतिगृहात, आईवडील आणि चौथीतली धाकटी बहीण तिकडे. दिवाळीच्या सुट्टीत ‘मी पानिपतला चाललो’ असे म्हटले की हाउसमध्ये हशा ठरलेला. मराठीत पानिपत हे गाव उरलेलेच नाही, तो पराभवाचा शब्द झाला आहे. सामना हरला की पानिपत झाले. संकट आले की संक्रांत कोसळली. आणि अंदाधुंदी झाली की भाऊगर्दी. पानिपतच्या बाजारात मात्र ‘पानिपत’ म्हणजे ब्लँकेट, गालिचे आणि सतरंज्या. तिथे गावाच्या नावात कुणाला पराभव ऐकू येत नाही.

गावापासून काही किलोमीटरवर काला अंब आहे. तिथे लढाईचे स्मारक आहे. दर वर्षी १४ जानेवारीला महाराष्ट्रातून माणसे येतात, हरियाणातले रोड मराठा समाजाचे लोकही जमतात. एरवी तिथे शांतता असते, आजूबाजूला शेती. आम्ही बहिणीला घेऊन गेलो होतो. तिच्या शाळेत पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या लढाईच्या फक्त तारखा पाठ करून घेतल्या आहेत. मी तिला मराठी फौजेची उपासमार सांगितली. तिने विचारले, “दादा, त्यांच्याकडे खायला नव्हतं, तर कुणी हळूच जाऊन आणलं का नाही?” मग म्हणाली, “माझ्याएवढी मुलं होती का तिथे?”

होती, हे मला सांगावे लागले. भाऊसाहेबांच्या छावणीत लढणाऱ्यांपेक्षा न लढणारी माणसे जास्त होती. बायका होत्या, मुले होती, व्यापारी होते, फौजेच्या सोबतीने उत्तरेतल्या तीर्थांना जाऊ असे म्हणून निघालेले यात्रेकरू होते. त्या सगळ्यांना रोज खायला लागत होते. बहिणीचा पहिला प्रश्न तर मोठमोठ्या इतिहासकारांचाच प्रश्न आहे. आणलं का नाही?

ते असे झाले. मार्च १७६० मध्ये फौज दक्षिणेतून निघाली. ऑगस्टमध्ये दिल्ली घेतली. १७ ऑक्टोबरला, आजच्या कर्नालजवळचे, कुंजपुरा जिंकले आणि तिथे धान्याचा मोठा साठा हाती लागला. खिसा भरला. फौज आणखी उत्तरेला, कुरुक्षेत्राकडे वळली. तेवढ्यात ऑक्टोबरच्या अखेरीस अहमदशाह अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि तो मराठ्यांच्या आणि दिल्लीच्या मध्ये येऊन उभा राहिला. नकाशावर बोट ठेवून बघा. पानिपतापासून दिल्ली सुमारे नव्वद किलोमीटर, पुणे दीड हजाराच्या आसपास, आणि दोन्हीकडे जाणाऱ्या वाटेवर शत्रू. अब्दालीचीही घरची वाट मराठ्यांनी अडवली होती, पण त्याला नजीबखानाच्या मुलखातून, यमुनेच्या पलीकडून, धान्य येत राहिले. ते तोडण्याचे काम गोविंदपंत बुंदेले करत होते. डिसेंबरमध्ये ते मारले गेले. पुढे दिल्लीहून खजिना घेऊन निघालेल्या तुकडीतले लोक रात्री वाट चुकले आणि थेट अब्दालीच्या छावणीत शिरले. ज्यांना रात्रीच्या नकाशावाचनाचा तास कंटाळवाणा वाटतो त्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा.

नोव्हेंबर, डिसेंबर, अर्धा जानेवारी. हरियाणातली थंडी आणि धुके मी अनुभवले आहे. रिकाम्या पोटी ते कसे वाटत असेल याची कल्पना करवत नाही. बैल मेले, घोडे मेले. शेवटी उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू असे ठरले आणि १४ जानेवारी १७६१ ला फौज खंदकाबाहेर पडली. इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी आणि पलटणींनी सकाळी शत्रूची फळी फोडत आणली होती. दुपारनंतर अब्दालीने राखीव फौज आत घातली, विश्वासराव गोळी लागून पडले, आणि संध्याकाळपर्यंत सगळे संपले.

मराठे पानिपतावर शौर्यात कमी पडले असे कोणताही इतिहास सांगत नाही. कमी पडला तो खिसा. आपल्या पाठ्यपुस्तकांत आणि भाषणांत मात्र शौर्याला पानेच्या पाने मिळतात आणि रसदेला एक वाक्य मिळते, ‘रसद तुटली’. जणू रसद हा दोरा होता आणि तो आपोआप तुटला. रसद कुणीतरी तोडते आणि कुणीतरी तुटू देते.

इथे मला सिनेमाची एक तक्रार करायची आहे. ‘लिटल स्टार वॉर्स’च्या शेवटी मुले हरतच आलेली असतात. डोरेमॉन आणि काही जण कैदेत, शिझुका आणि सुनिओचा रणगाडा समुद्रात. आणि तेवढ्यात स्मॉल लाइटचा परिणाम संपतो. त्याची मुदतच तेवढी असते. सगळे जण आपापल्या मूळ आकाराचे होतात, म्हणजे पिरिकावर राक्षसाएवढे, आणि गिल्मोरची फौज त्यांच्यापुढे खेळण्यातली ठरते. बघताना टाळ्या वाजवाव्याशा वाटतात. पण काला अंबला उभे राहून तो शेवट आठवला तर टाळ्या वाजत नाहीत. तिथे कुणाचीच मुदत वेळेवर संपली नाही. नानासाहेब पेशवे मदतीला पुण्याहून निघाले होते, पण भेलशाजवळ पोचले तेव्हा पराभवाची बातमीच समोरून आली. त्याच जूनमध्ये ते वारले. पळून आलेल्या उपाशी माणसांना पोटभर अन्न मिळाले ते भरतपूरच्या सूरजमल जाटाकडे, आणि तेही लढाई संपल्यावर.

सिनेमा एका बाबतीत लहान मुलांना फसवतो तो इथे. तिथे सगळी मुले रात्रीच्या जेवणाला घरी पोचतात. पण याचा अर्थ सिनेमा लिहिणाऱ्याला युद्ध माहीत नव्हते असे समजू नये. फुजिमोतो १९३३ चे. महायुद्ध संपले तेव्हा ते अकरा वर्षांचे होते. त्यांच्या डोरेमॉनमध्येच एक छोटी गोष्ट आहे, हत्तीची आणि नोबिताच्या काकाची. युद्धाच्या काळात प्राणिसंग्रहालयातल्या हत्तीला मारायचे ठरते. नोबिता आणि डोरेमॉन भूतकाळात जाऊन त्याला वाचवतात आणि कुठे पाठवतात? भारतात. ही गोष्ट हवेतून आलेली नाही. १९४३ मध्ये तोक्योच्या उएनो प्राणिसंग्रहालयातल्या हत्तींना खरोखर उपाशी ठेवून मारले होते. युद्धानंतर तिथल्या मुलांनी हत्ती मागितला आणि १९४९ मध्ये पंडित नेहरूंनी ‘इंदिरा’ नावाची हत्तीण तिकडे पाठवली. म्हणजे ज्याने खिसा कल्पिला त्याला खिसा नसलेले जग ठाऊक होते. गोष्टीतला हत्ती त्याने वाचवला, कारण खरा वाचला नव्हता. लहानांसाठी लिहिताना तेवढी सूट मी त्यांना देईन. मात्र आम्ही आता तेवढे लहान नाही.

म्हणूनच म्हणतो, सिनेमा आणि पानिपत दोन्ही हवेत. खिशातले यंत्र संपल्यावर काय करायचे हे सिनेमा शिकवतो: घाबरलेले असलो तरी जाऊन आपल्या जागेवर बसायचे. हा धडा शिपायाचा आहे आणि कॅडेटचाही. पानिपत अधिकाऱ्याचा धडा शिकवते. माणसांना सुनिओसारखे धैर्य दाखवायची वेळ येऊ नये म्हणून खिसा आधी मोजायचा असतो. आपल्या शूरांकडून उपाशीपोटी शौर्य करवून घेणे ही नेतृत्वाची शोभा नाही. पुढच्या दोन-तीन वर्षांत आमच्यापैकी काही जण एनडीएत जातील. त्यानंतर काही वर्षांनी ते कुणाला तरी ‘चला’ म्हणतील आणि माणसे चालू लागतील. त्या माणसांच्या पाण्याच्या बाटल्या भरलेल्या आहेत का, हे बघणारा त्यांच्यात कुणी असेल का? हा प्रश्न मला ‘तू घाबरशील का?’ यापेक्षा मोठा वाटतो.

महादजी शिंदे पानिपतावरून जखमी पायाने परतले. दहा वर्षांनी, १७७१ मध्ये, त्यांच्यासह मराठी फौज पुन्हा दिल्लीत होती. पण त्यांचे मला जास्त कौतुक वाटते ते पुढच्या कामासाठी. त्यांनी डी बॉयनला नेमून कवायती पलटणी उभ्या केल्या आणि आग्र्याला तोफा ओतायची व्यवस्था केली. आणखी एक योगायोग सांगतो. आपल्या लष्कराला अन्न, इंधन आणि वाहने पुरवणारी आर्मी सर्व्हिस कोअर आपला स्थापना दिवस ८ डिसेंबरला साजरा करते आणि वर्ष मोजते १७६० पासून. त्याच डिसेंबरात पानिपताच्या खंदकात माणसे धान्याची वाट बघत होती.

आमच्याकडे धैर्याला पदके आहेत. बॉक्सिंगला, क्रॉस-कंट्रीला, अडथळ्यांच्या शर्यतीला आहेत. ती असावीतच. रूट मार्चच्या आदल्या रात्री पाण्याचा ट्रक, प्रथमोपचाराची पेटी, सहावीतल्या मुलांचे बूट हे सगळे तपासणाऱ्या मुलाला मात्र नुसते ‘थँक यू’ मिळते, तेही आठवण राहिली तर. त्याला जास्त मान मिळायला हवा. मेस कमिटीवर नाव लागले की मुले तोंड वाकडे करतात. तिथे रोज सकाळी किती जणांची भाकरी हा हिशेब असतो. भाऊसाहेबांच्या छावणीत शेवटी तोच हिशेब जुळला नाही.

आणि मोठ्यांकडे एक मागणी. पानिपतावर मोठ्यांसाठी कादंबऱ्या आहेत, नाटके आहेत, सिनेमाही आहे. चौथीतल्या मुलीला दाखवता येईल, तिच्याएवढे मूल ज्यात आहे, असा मराठी ॲनिमेशनपट मात्र माझ्या पाहण्यात नाही. जपानने एका निळ्या मांजराला घेऊन चाळीसहून अधिक वर्षे दर वसंतात मुलांसाठी गोष्ट केली. आपल्याकडे छावणीतल्या एखाद्या मुलाची गोष्ट का होऊ नये? तो तीर्थयात्रेला म्हणून आजीबरोबर निघालेला असेल, त्याचा एक बैल असेल, आणि तो अडीच महिने त्या खंदकाआड राहिलेला असेल. त्याला कुठलेही यंत्र देऊ नका. त्याच्या शेजारी एक जण घाबरलेला, एक जण बढाया मारणारा आणि एक जण धान्य मोजणारा असू द्या. शेवटी सगळे घरी पोचले असे खोटे दाखवू नका, पण कुणीच पोचले नाही असेही दाखवू नका. जे पोचले त्यांची पुढची पिढी उत्तरेत आणि दक्षिणेत आजही आहे.

तो सिनेमा येईपर्यंत आपल्या हातात एक गोष्ट आहे. शनिवारी रात्री हॉलमध्ये दाखवायच्या सिनेमांची जी यादी लागते, तिच्यात बहुतेक युद्धपटच असतात, आणि त्यांतल्या नायकाला भूक लागलेली कधी दिसत नाही. येत्या सत्रात एका शनिवारी ‘लिटल स्टार वॉर्स’ लावावा अशी माझी विनंती आहे, आणि दुसऱ्या दिवशी इतिहासाच्या सरांनी फळ्यावर यमुना काढून बागपत, कुंजपुरा आणि पानिपत दाखवावे. सहावीपासून बारावीपर्यंत सगळ्यांना बसू द्यावे. सुनिओ लपतो तेव्हा कुणी हसायचे नाही, एवढी एकच अट.